काठीवाले काका

थंडीतल्या रविवारी सकाळी बोईसरला उतरणाऱ्या पक्षीनिरीक्षकांत एक काका हमखास असतात. कॅमेरा सगळ्यांच्याच गळ्यात. यांच्या हातात मात्र पुरुषभर उंचीच्या बांबूंची जुडी. घिवलीच्या किनाऱ्यावर नेणारा रिक्षावाला विचारतो, ‘‘मांडव घालायचाय का, काका?’’ काका उत्तर देत नाहीत.

काकांचे आजोबा जव्हारकडच्या रानात शिकारीला जात, असं काका सांगतात. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली, घराण्याचा रुबाब तेवढा उरला. कोणी टोकलंच, तर काका सलीम अलींना पुढे करतात. त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्याशी पिवळी दिसली म्हणून ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली आणि पुढे पक्षीशास्त्रज्ञ झाले. आपणही त्याच वाटेवर आहोत, फक्त चिमणी पाडायची राहिली, असा काकांचा एकूण सूर.

काठ्यांचं शास्त्र मात्र पक्कं. बांबू मानवेलीचा, भरीव, अंगठ्याएवढा जाड. दोन काठ्या वरून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळायच्या. पाय फाकले की वर खाच तयार होते आणि ती उभ्या माणसाच्या खांद्याशी यायला हवी. शिकारी तीत बंदुकीची नळी टेकवत, काका भलीमोठी लेन्स टेकवतात. दोन काठ्यांनी डावी-उजवीकडचं डुलणं थांबतं, पुढचं-मागचं थांबत नाही. त्यासाठी तिसरी काठी. दोन की तीन, यावर काका बोलू लागले की समोरचे तुतवार उडून जातात.

महागडा ट्रायपॉड घरी आहे. त्याच्या सांध्यांत वाळू जाते, म्हणून तो कपाटात.

घिवलीच्या चिखलात काठ्या रुततात, खाच खाली येते आणि कुरवांऐवजी खेकड्यांचे फोटो निघतात. यावर काकांनी जुन्या चपलेच्या रबरी चकत्या पायांना ठोकल्या. एकदा काठी मोडली, तेव्हा त्यांची नजर बोंबील वाळवायच्या वलांडीकडे गेली.

‘‘बाबा, त्याला हात लावायचा नाय,’’ बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी लांबूनच बजावलं, ‘‘तुमचे पक्षी उद्या येतील, आमचे बोंबील आज वाळायचेत.’’

तेव्हा घिवलीला जाणार असाल तर काठ्या घरूनच न्या, चकत्या विसरू नका आणि लेन्स समुद्राकडेच ठेवा. शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिकडे रोखलेल्या नळकांड्याला पहारेकरी पक्षीनिरीक्षण म्हणत नाहीत.