आज्याचा कुत्रा

कुत्र्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो. उत्तर तो घरूनच घेऊन निघालेला असतो. मी निवृत्त मास्तर, दारात एक गावठी कुत्रा आणि वाचलेली चार पुस्तकं, एवढ्या भांडवलावर ‘गुर्जींना कुत्र्यातलं कळतंय’ असा बोभाटा झाला. जनावरांचा दवाखाना आहे की, पण तिथं शेळ्या-म्हशींचा मान आधी. शेळीला बाजारात भाव मिळतो, म्हैस दूध देते. कुत्रा नुसता भुंकतो आणि भुंकण्याला डेअरीत दर नाही. म्हणून त्याची केस माझ्या ओसरीवर येते. 2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं; शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आणि दर तिसऱ्या घरातला कुत्रा टॉमीच.

पहिला प्रश्न ठरलेला. “गुर्जी, ह्यो भाकरीच खाईना की!” उलटतपासणी केली की कळतं, सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा झालाय, दुपारी पाहुण्यांच्या पंगतीतली हाडं झालीत, आणि धाकट्या नातवानं कुंथलगिरीचा पेढाही चारलाय. आता भाकरी कुठं बसायची? मी सांगतो, गोड बंद करा, मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा दूधही पचत नाही. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. कांदा-लसणाचा रस्सा घालू नका, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे तर नकोच नको, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तुळजापूरकडचा एक बागायतदार हे ऐकून माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याच्या बागेवर गारपीट घातली.

मग निघतो आज्याचा कुत्रा. “आमच्या आज्याचा कुत्रा रोज रस्साच खायचा, गुर्जी. लई वर्सं जगला.” हा आज्याचा कुत्रा प्रत्येक घराण्यात होऊन गेलेला आहे. त्यानं कधी सुई घेतली नाही, गोचीड त्याच्या वाऱ्याला उभा राहिला नाही, लांडग्याला त्यानं एकट्यानं लोळवलं आणि शेवटी आज्याच्या पायाशी प्राण सोडला. पशुवैद्यकाचं जेवढं नुकसान या कुत्र्यानं केलंय, तेवढं कुठल्या रोगानं केलं नसेल. त्याच आज्याची बाकीची सहा पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात कशानं गेली, हे कोणी सांगत नाही.

शिस्तीचे प्रश्न याहून अवघड. “घरात घाण केली की त्यात नाक घासतो, बरोबर हाय न्हवं?” चूक. तासाभरानं दिलेली शिक्षा कशाबद्दल आहे हे कुत्र्याला उमगत नाही. बाहेर केल्याबरोबर शाबासकी आणि भाकरीचा तुकडा दिला तर उमगतं. “पण कान पाडून कसा बघतंय बघा की, गुन्हा कबूल हाय त्याला!” अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्यानं चूक केलेली असो वा नसो, मालक ओरडला की चेहरा तोच पडतो. मला नवल वाटलं नाही. गृहपाठाची वही विचारल्यावर पडणारे असे चेहरे मी नोकरीभर पाहिलेत.

रात्री कुत्रा रडला की कोणाचा तरी नंबर लागतो, हाही एक समज. भाद्रपदात आमच्या गल्लीतली सगळी कुत्री रात्रभर रडतात. समज खरा असता तर दिवाळीपर्यंत गल्ली रिकामी झाली असती. ते रडणं मरणाचं नसून लग्नसराईचं असतं. गंमत म्हणजे कुत्रा अपशकुनी म्हणणारेच पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या खंडोबाला भंडारा उधळायला जातात. देवाच्या घोड्यापाशी कुत्रा असतो, त्यालाही हात जोडतात आणि बाहेर येऊन चपला शोधताना खऱ्या कुत्र्याला ‘हाड्’ म्हणतात.

एका प्रश्नावर मात्र मी विनोद करत नाही. शेजारचा पोरगा पोटरीला कुत्रा चावला म्हणून ओरडत आला, मागोमाग एक काकू तिखटाचा डबा घेऊन आणि एक अण्णा चुन्याची डबी घेऊन. मी पोराला बोअरच्या नळाखाली बसवलं, कपड्याचा साबण घेतला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाय धुतला. साबणाचं पाणी आधी गुलाबी, मग पांढरं. “एवढ्यानं काय हुतंय?” अण्णांनी विचारलं. विषाणू पुष्कळसा तिथंच वाहून जातो, अण्णा, उरलेल्यासाठी लस. पोटातल्या चौदा सुयांची भीती जुनी झाली, आता चार-पाच सुया दंडात, ठरल्या तारखांना, सरकारी दवाखान्यात फुकट. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतही एक वेगळं इंजेक्शन. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की औषध नाही, माणूस जातोच. पाश्चरनं पहिल्या मुलाला लस टोचली ती 1885 साली, तरी आपण अजून तिखटाचा डबा शोधतो. “आमच्या आज्याला...” अण्णांनी सुरुवात केली. मी त्यांना रिक्षा बघायला पाठवलं.

भाद्रपदातल्या लग्नांची पिल्लं दिवाळीच्या पुढंमागं तुमच्या-आमच्या दारात येतील. एखादं उचललंत तर दीड-दोन महिन्यांचं होताच जंताचं औषध आणि पहिली लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढं दरवर्षी. नाव सवडीनं ठेवा. टॉमी सोडून काहीही चालेल.