बुडाखाली काय लिहिलंय?

कोणाच्या घरी खायला बसल्यावर पुढ्यातली ताटली उचलून पालथी करून पाहणारी बाई मी आजवर एकच पाहिली आहे. ताटलीत केक होता. तो वहिनींनी आधी डाव्या तळहातावर घेतला, ताटली उलटी केली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बुडाखालचं वाचलं, माझ्याकडे बघून मराठीत "हं, नवीन दिसतंय" म्हणाल्या आणि केक पुन्हा जागच्या जागी ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण यजमानीणबाई फ्रेंच होत्या. त्या खूश होऊन म्हणाल्या, "अय्या, तुम्हीपण शिनझ?" म्हणजे 'अय्या' माझं, बाकीचं त्यांचं.

फ्रेंचांनी या जमातीला नाव देऊन ठेवलं आहे. पथारीवाल्यांकडे, जुन्या बाजारात, दुसऱ्यांच्या अडगळीत नाक खुपसून वस्तू हुडकतो तो शिनर. बाई असेल तर शिनझ. आपल्याकडे नाव नाही, जमात आहे. पुण्याला रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो तिथे ती हमखास भेटते, आणि तिच्या घरी गेलं की पितळी घंगाळात मनीप्लांट लावलेला असतो. आंघोळीचं पाणी मात्र प्लॅस्टिकच्या बादलीत.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. दादा नोकरीसाठी फ्रान्सात नांतला गेला त्याला आता चौदा वर्षं होतील. पहिली दोन वर्षं वहिनींनी हरभऱ्याची डाळ कुठे मिळते याचा शोध घेण्यात घालवली. तिसऱ्या वर्षी दोघं ब्रिटनीत कँपेरला सहलीला गेली आणि येताना एक वाडगा घेऊन आली. "त्या दिवशी पाऊस असता तर वाचलो असतो," असं दादा अजून म्हणतो. ते खरं नाही. पाऊस होताच, ब्रिटनीत तो असतोच. अंगावर थेंब पडायला लागले म्हणून तर त्या दुकानात शिरल्या.

कँपेर हे नाव फ्रेंच स्पेलिंगवरून वाचायला गेलात तर 'क्विम्पर' होतं आणि वहिनी तुम्हाला तिथल्या तिथे दुरुस्त करतात. ब्रिटनीच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ संगम. ओदे आणि स्तेर या दोन नद्या तिथे मिळतात. म्हणजे फ्रेंचांचं कऱ्हाडच. या गावाच्या लोकमारिया भागात 1690 सालापासून भांडी भाजली जातात, असं तिथले लोक परंपरेनं सांगतात. आपल्याला दिसतात ती पांढरी, निळ्या-पिवळ्या काठाची, मध्ये फुलं किंवा एक माणूस रंगवलेली. त्यांना चिनी माती म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो होतो. "भाऊजी, ही चिनी नाही, फ्रेंच माती आहे!" असं म्हणून वहिनींनी माझ्या हातातला कप काढून घेतला. त्यात चहा होता.

या प्रकाराला म्हणतात फायांस. साधी कुंभाराची माती एकदा भाजायची, मग कथील घातलेल्या पांढऱ्या लेपात बुडवायची आणि लेप वाळला की त्या भुकटीसारख्या थरावर कुंचल्यानं रंगवायचं. थर टीपकागदासारखा रंग पितो. रांगोळीची चुकली रेघ पुसता येते, इथे ती सोय नाही. कुंचला टेकवला, दाबला, उचलला की पाकळी झाली. जमली तर जमली. नंतर पुन्हा भट्टी. वहिनी एखादी ताटली खिडकीपाशी नेऊन एकेका पाकळीचं टोक दाखवतात, "बघा, इथे तिचा हात किंचित थांबलाय." शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा रंगारणीचा हात थांबलेला मला खरंच दिसतो, आणि तेवढ्यापुरतं मी वहिनींना सगळं माफ करतो.

गेल्या उन्हाळ्यात काकू, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, कऱ्हाडहून नांतला राहायला गेल्या. त्याच महिन्यात मीही तिथे होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

काकूंनी घरात पाऊल टाकलं आणि समोरच्या कोरीव लाकडी कपाटाला हात जोडले. "देवघर केवढं गं मोठं केलंस!" ते देवघर नव्हतं, पलंग होता. ब्रिटनीतल्या शेतकऱ्यांच्या घरात थंडी आणि गर्दी या दोन्हींवर उपाय म्हणून कपाटासारखे बंद पलंग असत, सरकत्या दारांचे; त्याला लि क्लो म्हणतात. बरेच लोक आता त्यात टीव्ही ठेवतात. वहिनींना ते अधर्म्य वाटतं, म्हणून त्यांनी तो पलंग म्हणूनच ठेवला आहे. दादाचे पाय त्यात मावत नाहीत. पण ऑफिसची मीटिंग असली की तो लॅपटॉप घेऊन आत शिरतो आणि दार ओढून घेतो. बाहेरून नुसता आवाज येतो. काकूंना पहिले दोन दिवस देवच बोलल्यासारखं वाटत होतं.

भांड्यांच्या उघड्या लाकडी फडताळाला त्यांनी 'मांडणी' म्हटलं, आणि तेच बरोबर होतं. कणीक तिंबायच्या लाकडी पेटीत वहिनी पाहुण्यांच्या चपला ठेवतात, हे पाहून मात्र त्यांनी कानाला हात लावला.

मग ताटल्या. तिथला प्रसिद्ध छाप म्हणजे ब्रिटनीचा छोटा शेतकरी: रुंद काठाची टोपी आणि ढगळ तुमान. त्याच्या जोडीची पांढऱ्या टोपीतली बाई बहुतेक वेळा वेगळ्या ताटलीवर असते. या छापाला फ्रेंचात म्हणतात 'पती ब्रतों'.

"पतिव्रता?" काकूंनी विचारलं.

"पती ब्रतों, आई. म्हणजे छोटा ब्रिटनीवाला."

"बाई एका ताटलीत, बाप्या दुसऱ्या ताटलीत आणि म्हणे पतिव्रता!"

वहिनींनी विषय इतिहासावर नेला. चौदाव्या लुईला लढायांसाठी पैसा हवा होता, म्हणून 1689 मध्ये आणि पुन्हा 1709 मध्ये दरबारातली चांदीची भांडी टांकसाळीत वितळवली गेली, बडे लोक फायांसमध्ये जेवायला लागले आणि कुंभारांची चंगळ झाली. काकू म्हणाल्या, "बासष्टच्या लढाईत माझ्या आईनंही पाटली दिली होती. पण म्हणून आम्ही कुणी मातीत नाही जेवलो." मग ताटलीवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हा पांढरा लेप कशाचा म्हणालीस?"

"कथलाचा."

"म्हणजे मातीला कल्हईच की!"

तीन वर्षं पुस्तकं वाचून वहिनींना जे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं ते काकूंनी एका वाक्यात सांगून टाकलं. वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वही हीसुद्धा या जमातीची खूण.

बाजार पाहिल्याशिवाय मात्र वहिनी पुऱ्या कळत नाहीत. फ्रान्सात गावोगावी रविवारी व्हीद-ग्रेन्ये भरतं, शब्दशः माळा रिकामा करणं. कायद्यानं साध्या माणसाला वर्षातून दोनदाच असं सामान विकायला बसता येतं, त्यामुळे त्या दिवशी घरातलं जे काय असेल ते फूटपाथवर येतं. उन्हं वर येईपर्यंत चांगला माल गेलेला असतो. जन्मात कधी काकडआरतीला न उठलेल्या वहिनी साडेचारला उठून, हातात टॉर्च घेऊन, लोक गाड्यांतून खोकी उतरवत असतानाच तिथे हजर असतात. दादा मागे पिशव्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन.

मी एकदा गेलो होतो. वहिनी आधी ताटलीकडे बघतच नाहीत. शेजारच्या भरतकामाच्या रुमालांची चौकशी करतात, कुत्र्याचं कौतुक करतात, निघाल्यासारखं करतात आणि मग सहज म्हणून ताटली उचलतात. बोटावर तोलून टिचकी मारतात. खण्ण वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. उन्हाळ्यात माठ घेताना आपण तेच करतो, पण माठाखाली सही नसते. इथे ताटली पालथी होते. भट्टीत ती ज्या तिवईवर टेकली होती तिचे तीन ठिपके दिसले पाहिजेत. मग छाप. एका कारखान्याचा एचबी, दुसऱ्याचा एचआर. दोघांचं भांडण कोर्टात गेलं आणि 1922 च्या सुमारास दुसऱ्यानं पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली. 'फ्रान्स' असं लिहिलेलं असेल तर माल बहुधा 1891 नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव लागायला लागलं. हे सगळं टॉर्चच्या उजेडात, पहाटेच्या प्रहरी. नांतचा पत्ता अजून मला धड सांगता येत नाही.

तिथे वहिनींनी 45 युरोंना एक ताटली घेतली. तिचे मधोमध दोन तुकडे होते आणि ते मागून तारेच्या तीन टाक्यांनी जोडलेले होते. चिकटवायला चांगला गोंद नव्हता त्या काळात फिरते कारागीर दारोदार जाऊन भोकं पाडून असे टाके घालून देत. वहिनींच्या मते टाक्यांमुळे ताटलीची शान वाढते. घरी आणल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, फुटकं भांडं घरात ठेवू नये." वहिनी म्हणाल्या, "आई, फुटकं नाही, दुरुस्त केलेलं आहे." काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. "आमच्याकडे बोहारीण हे घेणार नाही."

दुसऱ्या एका ताटलीवर मात्र दोघींचं एकमत झालं. वरून पांढरी, मागून चॉकलेटी. कथील महाग, म्हणून दिसणाऱ्या बाजूला पांढरा लेप आणि मागे स्वस्तातला तपकिरी. काकू म्हणाल्या, "हिचं रूप लोणच्याच्या बरणीसारखं आहे," आणि ती ताटली त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही. या प्रकाराचं फ्रेंच नाव क्यू न्वार. त्याचा अर्थ त्यांनी विचारला. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लावून सांगितला. काळं ढुंगण. काकू इतक्या हसल्या की दादाला मीटिंगमधून बाहेर यावं लागलं.

पहिल्या सहलीतल्या त्या वाडग्याचंही सांगायला हवं. ब्रिटनीचे वाडगे दोन कानांचे असतात आणि त्यांवर नाव रंगवलेलं असतं. दुकानात यान, मारी, ग्वेनाएल अशी रांग लागलेली असते. वहिनींच्या नावात 'ळ' आहे. तो कसा लिहायचा यावर रंगवणाऱ्या बाईंशी अर्धा तास खल होऊन शेवटी जे उमटलं ते वाचून दादा आजही वहिनींना दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारतो.

एवढं सगळं असून त्या घरात या भांड्यांत कुणी जेवत नाही. जुन्या लेपात शिसं असतं, आंबट पदार्थात ते उतरतं. आमसुलाची आमटी तर मुळीच चालायची नाही. "कल्हई उडाली की ताक कळकतं, तसंच," काकू म्हणाल्या. म्हणून 140 ताटल्या भिंतीवर आणि जेवण स्टीलच्या ताटांत. ती काकूंनीच लग्नानंतर दिलेली.

निघायच्या आदल्या रात्री शेजारचे एक निवृत्त मास्तर जेवायला आले. चाळीस वर्षांचे मुरलेले शिनर. पुरणपोळी संपवली, ताट पुसलं आणि सवयीनं पालथं केलं. मागे काठाशी बारीक ठिपक्यांनी कोरलेली ओळ होती. कुणाची सही, म्हणून त्यांनी विचारलं. दादानं भाषांतर केलं: माझ्या मुंजीत मामांकडून सप्रेम भेट, 8 मे 1987.

"म्हणजे कुणी दिलं, कुणाला, कशासाठी आणि कुठल्या तारखेला, सगळं?"

"सगळं."

मास्तर ताटाकडे बघत राहिले. मग संकोचून म्हणाले, हे विकायचा कधी विचार झाला तर त्यांना सांगावं.

दादानं तेही काकूंना सांगितलं. काकूंनी पोळीवर तूप वाढता वाढता मान वर केली. "विकायचं काय त्यात? धुऊन पिशवीत घालून दे त्यांना. कऱ्हाडला माळ्यावर अजून बावीस आहेत."