फुकटची थापी

मराठी मध्यमवर्गीय घरात हातोडी असतेच. गणपतीच्या मखराला खिळे ठोकायला ती वर्षातून एकदा बाहेर निघते आणि अनंत चतुर्दशीनंतर बेपत्ता होते. बाकीची कामं सुतार, गवंडी, प्लंबर अशी माणसं करतात. आपलं काम मागे उभं राहण्याचं. हात पाठीशी बांधायचे, एक डोळा बारीक करायचा आणि ‘जरा डावीकडे झुकलंय का हो?’ असं विचारायचं. माझ्या बाबांनी या एका प्रश्नाच्या जोरावर पुण्यात दोन खोल्यांच्या चार खोल्या केल्या.

न्यू जर्सीत आल्यावर या परंपरेला खीळ बसली. मागे उभं राहायची आमची तयारी होती, पण पुढे कोणाला उभं करायचं तर त्याच्या नुसत्या दारात येण्याचे पैसे ऐकून आम्ही गळका नळ बादलीच्या हवाली केला. अशा वेळी शेजारणीने ‘होम डेपोत फुकट शिकवतात’ असं सांगितलं. त्यातल्या ‘फुकट’ या भागावर आमच्या घरात एकमत झालं.

1978 मध्ये एकाच कंपनीतून नोकरी गेलेल्या बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक यांनी हे दुकान काढलं आणि पुढच्या वर्षी अटलांटात पहिली दारं उघडली. गिऱ्हाइकाला खिळे विकायचे तर आधी त्याला खिळा ठोकायला शिकवावं, ही त्यांची अक्कलहुशारी. 1997 पासून तिथे मुलांसाठीही वर्ग भरतात, महिन्याच्या पहिल्या शनिवारी. पोरांना नारिंगी एप्रन, लाकडाच्या तुकड्यांचं पाकीट, हातोडी आणि शेवटी एप्रनला लावायला बिल्ला.

आम्ही मुलाला घेऊन गेलो तेव्हा पक्ष्याचं घरटं करायचं होतं. शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन बाप खिशात हात घालून उभा. पोराने छप्पर उलटं ठोकलं, बाप म्हणाला, ‘वा, मस्त!’ आमच्या टेबलाभोवती मात्र सगळे देशी बाप. त्यांनी सूचनांचा कागद आधी दोनदा वाचला, मग पोराच्या हातातली हातोडी हळूच काढून घेतली. मुलांकडे डिंकाची बाटली धरण्याचं खातं आलं. ज्यांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात स्वतःच्या बापाने केलेला ज्वालामुखी नेला होता, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. घरटी काटकोनात झाली. बिल्ले पोरांना मिळाले, समाधान बापांना.

मी तेवढ्यात मोठ्यांच्या वर्गाकडे सरकले. कोरोनाआधी दुकानातच असे वर्ग भरायचे आणि 2003 पासून खास बायकांसाठीही असायचे. त्या दिवशीचा विषय होता ओट्यामागच्या भिंतीला टाइल बसवणं. शिकवायला एक निवृत्त कंत्राटदार, कानावर पेन्सिल. सुरुवातीला त्याने एक लाकडी पट्टी दाखवली आणि म्हणाला, हिला दोन बाय चार म्हणतात, पण मोजली तर ही दीड बाय साडेतीन इंच भरते. तासून, वाळवून उरतं ते एवढंच. वर्गातल्या अमेरिकन बायका हळहळल्या. मला काहीच वाटलं नाही. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला सुपर बिल्टअप आणि कार्पेट एरियातला फरक लाकडाने शिकवावा लागत नाही.

मग त्याने थापी हातात दिली. साधी नव्हे, दातेरी. मसाला आधी थापीच्या सपाट बाजूने भिंतीवर दाबून सारवायचा, मग दात पंचेचाळीस अंशांत धरून एकाच दिशेने ओढायचा. भिंतीवर सरळ सऱ्या उमटतात. टाइल त्यांच्यावर दाबून किंचित आडवी हलवली की सऱ्या मोडतात, आतली हवा निघून जाते आणि पाठ पूर्ण चिकटते. मधे प्लॅस्टिकचे इवलेसे स्पेसर. दुसऱ्या दिवशी सांध्यांत ग्राउट भरायचं आणि ओल्या स्पंजने तिरकं पुसायचं, सांध्याच्या रेषेत पुसलं तर भरलेलं सगळं स्पंजबरोबर बाहेर येतं. ‘पाच अष्टमांश इंच’ असं तो म्हणाला की शेजारच्या बाईला कागद लागायचा. आमच्या घरी आलेल्या सुतारकाकांनी आयुष्यभर इंचाचे आठ सूत मोजले, त्यामुळे मला ते पाच सूत लगेच दिसायचे.

वर्ग फुकट होता. वर्गातून बाहेर पडायची वाट मात्र थापी, बादली, टाइल कापायचं यंत्र आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या यांच्या रांगांमधून जात होती. गाडीत सामान भरताना नवऱ्याने पावती वाचली आणि म्हणाला, ‘यापेक्षा शिकवणीची फी घेतली असती तर स्वस्त पडलं असतं.’ पण त्याच्याही हातात लेसरची लेव्हल होती. भिंतीवर लाल रेघ पाडून तो संध्याकाळभर घरातले फोटो तपासत हिंडला. सगळे वाकडे निघाले.

भिंत मी केली. उन्हाळ्यात बाबा आले. चहाचा कप ठेवून ते भिंतीजवळ गेले, बोटाच्या पेराने एकेक टाइल वाजवून पाहिली. सगळ्या भरीव वाजल्या. समाधानाने त्यांनी विचारलं, ‘किती घेतले?’

‘बाबा, मीच बसवल्या.’

ते गप्प झाले. रात्री त्यांनी जावयाला गॅलरीत बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘नोकरी ठीक आहे ना? संकोच करू नका, माझी एक एफडी मोडता येईल.’

आपल्याकडे हाताने काम करायची वेळ येते ती पैसे संपल्यावर, ही समजूत कोणत्याच वर्गात पुसून निघत नाही, तिरकं पुसा नाहीतर सरळ. तरी पुण्याला परत जाईपर्यंत बाबांची काळजी अभिमानात बदलली होती आणि ते जास्त धोक्याचं होतं. कारण त्यांनी लगेच मोरीचं काम काढलं. एका रात्री माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर उकिडवा बसलेला फरशीवाला, मागून बाबांचा आवाज, ‘अगं, हा पंचेचाळीस अंशांत धरतोय का बघ.’

मी आवंढा गिळून म्हटलं, ‘दादा, मसाला टाइलच्या मधोमध गोळा करून लावू नका, कोपरे पोकळ राहतात. दातेरी थापी असती तर...’

त्याने मान वर केली. ‘ताई, तुम्ही आतापर्यंत किती घरं केलीत?’

‘एक भिंत.’

‘बरं,’ तो म्हणाला आणि बाबांच्या हातातला फोन घेऊन कामाची वाटणी ठरवून टाकली: मी लांबून मोठ्या आवाजात सांगायचं, त्याने ऐकल्यासारखं करून हवं तेच करायचं. काम झाल्यावर टाइल वाजवून दाखवली. भरीव वाजली.

‘बघ,’ बाबा म्हणाले, ‘तुझं मार्गदर्शन होतं म्हणून.’

फरशीवाल्याने मार्गदर्शनाचे वेगळे पैसे लावले.