हलक्या कामावर बदली

मनुष्यदेहातील ज्या अवयवांकडून आपण जन्मभर चाकरी करून घेतो, परंतु ज्यांची विचारपूस करण्याची तसदी कधी घेत नाही, त्यांच्या यादीत घोट्याचे नाव अग्रभागी घालावे लागेल. हृदयावर काव्ये झाली, नेत्रांवर तर अतोनात झाली, पण घोट्याच्या वाट्याला आलेले वाङ्मय ‘घोटाभर पाणी’ या दोन शब्दांपलीकडे गेले नाही. तो दुखावला म्हणजे मात्र साऱ्या घराचा कारभार त्याच्या मर्जीने चालू लागतो.

वेसाव्याहून मढला येणारी तर खाडी काही मिनिटांत ओलांडते, आणि तोच प्रवास रस्त्याने करावयाचा तर मालाड-मार्वे असा वीस-बावीस किलोमीटरांचा वळसा पडतो. या सोयीपायी आम्ही मढकर मंडळी ओहोटीच्या वेळी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री सांभाळीत, शेवाळलेल्या पायरीवर जी झेप घेतो तिची भरपाई कधी ना कधी घोट्यालाच करावी लागते. माझा डावा पाय आतल्या अंगास वळला. घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडांना हाडे बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत नाजूक, आणि पाय आत वळला की ताण नेमका प्रथम त्याच्यावर यावा, अशी निसर्गाची योजना आहे. अस्थिबंध ताणला किंवा तुटला तर ती मुरगळ, स्नायू अथवा कंडरा ताणली गेली तर ती लचक, हा भेद मला पुढे डॉक्टरांकडून कळला. त्या क्षणी मी जे उद्गार काढले त्यांत एवढी सूक्ष्मता नव्हती.

सल्लागारांचा पहिला जथा आला तो पायाळू इसमाची शिफारस घेऊन. जन्मतः ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने लाथ लावली असता उसण पळते, ही आपल्याकडील सर्वमान्य समजूत. पण ती कमरेच्या उसणीस लागू असली तरी सुजलेल्या घोट्यास लागू आहे किंवा नाही, यावर ओटीवर बराच खल झाला. शेजारच्या घरातील पायाळू भाचा बँकेत तपासनीस असल्यामुळे त्याने रविवारशिवाय लाथ मारण्यास असमर्थता व्यक्त केली, आणि माझा घोटा त्याच्या रजेच्या नियमांमुळे बचावला. आंबेहळद आणि तुरटीचा लेप तेवढा झाला. एका वैद्यकप्रेमी गृहस्थांनी सुश्रुताने निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार वर्णिले आहेत असे सांगून, माझा पाय त्यांपैकी एकातही बसत नाही याबद्दल मजकडे काहीशा नाराजीने पाहिले.

बर्फाची मात्र मढला वाण नाही. मासळीच्या टोपातून काढलेला बर्फ पंच्यात गुंडाळून घोट्यावर ठेवण्यात आला, आणि त्यास बोंबलाचा जो अस्सल सुगंध होता त्यामुळे आळीतील मांजरांनी माझ्या प्रकृतीविषयी आप्तेष्टांहून अधिक आस्था दाखवली. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे, हे चार कलमी फर्मान अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली काढले आणि जगभर ते बिनतक्रार अमलात आले. पण पुढे खुद्द मर्किन यांनीच कबूल केले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून येणे लांबूही शकते. वेदना शमवण्यापुरता बर्फ चालेल. त्यापुढे त्याचा अधिकार नाही.

मालाडच्या डॉक्टरांनी घोट्याच्या हाडांची मागची कड आणि टोके दाबून पाहिली, आणि मला चार पावले चालण्याचा हुकूम केला. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली सिद्ध झालेला हा नियम असा, की घोटा दुखत असून त्या हाडांवर दाबल्यास कळ येत असेल, किंवा चार पावलेही टाकवत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. एरवी खर्च वाचवावा. मी भिंतीचा आधार न घेता चार पावले टाकली आणि डॉक्टरांनी माझा खर्च वाचवला, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात नसली तरी माझ्या जमाखर्चात नोंदलेली आहे.

त्यांनी पुढे जे सांगितले ते माझ्यासारख्या महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसास चटकन पटले. दुखावलेल्या सांध्यास बडतर्फ करू नये, निलंबितही करू नये. त्याची हलक्या कामावर बदली करावी. सूज ही शत्रू नसून पहिल्या दिवसांतील रीतसर चौकशी आहे; त्यानंतर नवे तंतू भरती होतात, पण ते प्रथम वाटेल तसे आडवेतिडवे बसतात, आणि बेताबेताने भार पडू लागला म्हणजेच आपापल्या दिशेने रांगेत येतात. या बंदोबस्तास कित्येक महिने लागतात. शिवाय सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वर्दी मेंदूस देणारे मज्जातंतूही मुरगळीत दुखावतात. ती वर्दी सुरळीत झाली नाही तर पाय त्याच जागी पुन्हा दगा देतो. म्हणून एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम.

हेच शास्त्र आमच्या गल्लीतील मासळीवाल्या मावशींना आधीपासून अवगत होते. त्यांच्या कोपराच्या बाहेरील बाजूस जे दुखणे होते तेच २००४ साली सचिन तेंडुलकरला झाले, आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत पोचला. वास्तविक हे दुखणे होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हाती धरलेली नसते, मनगट उचलून धरणाऱ्या स्नायूंची कंडरा रोजच्या कामानेच थकते. सचिनला पुढच्या वर्षी लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली; मावशींनी मोठी पाटी सुनेकडे दिली, आपण छोटी घेतली, पण धंदा सोडला नाही. “भाऊ, हात टांगून ठेवला ना, मग तो टांगलेलाच ऱ्हातो,” एवढाच त्यांचा ग्रंथ.

आता मी सकाळी आमच्या बंगलेवजा वस्तीतील वडाखाली डाव्या पायावर उभा राहतो. या भागात चित्रीकरणे सदैव चालू असल्याने विचित्र वर्तनाचे कोणास आश्चर्य वाटत नाही. परवा एका पोराने अदबीने विचारले, “आजोबा, कुठल्या मालिकेत आहात?” मी म्हणालो, “बाळ, प्रमुख भूमिका घोट्याची आहे. मी त्याच्या हाताखाली आहे.”