विमानाचं तिकीट : काढावं कसं, सांगावं कितीला

विमानाचं तिकीट काढायला बसण्याआधी पुणे-नागपूर प्रवासाला काही एक ठरलेलं भाडं आहे, ही समजूत मनातून काढून टाकावी. ठरलेलं भाडं एसटीला असतं. टप्पे मोजले, दर लावला, कंडक्टरने मशिनमधून कागद फाडून दिला, विषय संपला. विमानात १८० माणसं एकाच वेळी उडतात, एकाच वेळी उतरतात, बॅगांच्या पट्ट्यापाशी एकाच वेळी ताटकळतात, आणि पैसे मात्र त्यांनी डझनभर वेगवेगळ्या दरांनी मोजलेले असू शकतात. म्हणून शेजारच्याला "तुम्हाला कितीला पडलं?" हा प्रश्न पुण्याचं लोहगाव विमानतळ सोडण्यापूर्वी विचारू नये. नागपूरला उतरल्यावर विचारावा. निदान वरचा सव्वा तास तरी सुखाचा जातो.

भाव असा का, हे समजायला मंडईत जावं. संध्याकाळी सातनंतर मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात मिळतात, कारण उद्या त्यांना कोणी विचारणार नसतं. विमानातली खुर्चीही तशीच नाशवंत. दार लागलं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. तरीही तिचा भाव संध्याकाळी चढतो. सात वाजता मंडईत येणारा माणूस स्वस्ताई शोधत आलेला असतो. उद्याचं विमान आज शोधणाऱ्याचे वडील इस्पितळात असतात, नाहीतर त्याच्या साहेबाने सकाळी दहाची मीटिंग लावलेली असते. दोघंही घासाघीस करणार नाहीत, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. पडद्यावर दिसतो तो आकडा तुमच्या निकडीचा.

ही विद्या अमेरिकेतली. १९७८ साली तिथे विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि १९८१मध्ये पीपल एक्स्प्रेस नावाची कंपनी पडेल भावात लोकांना उडवू लागली. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५च्या जानेवारीत तसलीच स्वस्त तिकिटं काढली, पण फक्त आगाऊ घेणाऱ्यांसाठी आणि मोजक्या जागांवर. उरलेल्या जागा ऐनवेळी येणाऱ्या साहेबलोकांसाठी महाग राखून ठेवल्या. कुठल्या विमानात किती स्वस्त जागा सोडायच्या, ते संगणक ठरवायचा. दोन वर्षं पुरती व्हायच्या आत पीपल एक्स्प्रेस विकायला निघाली. आपल्याकडे १९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन उडाली आणि पुढे एक रुपयाचं तिकीट निघालं. त्या तिकिटाची गोष्ट प्रत्येक कुटुंबात एक काका सांगतात. ते काकांना मिळालेलं नसतं. काकांच्या मित्राच्या मेव्हण्याला मिळालेलं असतं.

आता प्रत्यक्ष कृती. कंपनीने प्रत्येक विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. प्रत्येक गटाला इंग्रजीतलं एक अक्षर, आणि आतल्या लोकांच्या बोलीत त्याचं नाव 'बकेट'. स्वस्त बकेट संपली की वरची उघडते. समजा, ३,९०० रुपयांच्या बकेटमध्ये तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही आई, बाबा, दोन मुलं अशा चौघांसाठी शोधता आहात. यंत्र सहसा तिघांना स्वस्त आणि चौथ्याला महाग असं करत बसत नाही. चौघांनाही सरसकट ५,२०० लावतं. म्हणून आधी एकाचं बघावं, मग दोघांचं, मग तिघांचं, आणि भाव जिथे उडी मारेल तिथे कुटुंब फोडावं. महागाच्या तिकिटावर कोणी बसायचं, ही चर्चा मात्र सासूबाईंसमोर करू नये.

काही जण ब्राउजरची गुप्त खिडकी उघडून शोधतात, काही जण मंगळवारी मध्यरात्री. आपण तिसऱ्यांदा बघितलं म्हणून भाव वाढला, असं त्यांना मनापासून वाटतं. बहुतेक वेळा मधल्या दहा मिनिटांत हडपसरच्या कोणीतरी शेवटची स्वस्त जागा उचललेली असते. पण उपाय निरुपद्रवी आहे. करणाऱ्याला समाधान मिळतं, तेव्हा कोणी करत असेल तर मोडता घालू नये.

तिकीट हाती आलं की खुर्चीचा सौदा सुरू होतो. खिडकीला पैसे, पुढच्या रांगेला जास्त पैसे, आणि आपत्कालीन दाराजवळच्या रांगेला त्याहूनही जास्त. या रांगेतल्या प्रवाशाने संकटकाळी दार उघडायचं असतं. हवाईसुंदरी वाकून तसं समजावते, तोही शाळेतल्यासारखी मान डोलावतो. म्हणजे काम अंगावर घेऊन वर त्याचे पैसे आपणच भरायचे, अशी ही नोकरी. पाय लांब करता येतात म्हणून तिला अर्ज पुष्कळ येतात. पैसे न भरणाऱ्याला सहसा मधली खुर्ची मिळते, आणि दोन्ही हातांवर दुसऱ्यांची कोपरं.

ज्यांना खरोखर कमाई करायची आहे त्यांनी ओव्हरबुकिंगचा अभ्यास करावा. काही प्रवासी येणारच नाहीत, या भरवशावर कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकू शकते. सगळेच उगवले तर आधी स्वखुशीने मागे राहणारा शोधावा लागतो. तसा कोणी मिळाला नाही आणि तुम्हाला जबरदस्तीने मागे ठेवलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे भरपाई असते. तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. त्यानंतरचं पण २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये; २४ तासांहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. इथेही बकेट पाठ सोडत नाही. १,८०० रुपये मूळ भाड्यावर हुशारी मारलेल्या माणसाला दुप्पट मिळाली तरी ३,६००च मिळतात, आणि त्याच रांगेत शेवटच्या दिवशी लुटला गेलेला माणूस १०,०००चा धनी होतो. हा प्रसंग यावा म्हणून नवस बोलू नये, पण आलाच तर आकडे पाठ असावेत.

विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना वेगळ्या आहेत, कारण त्यांना हेच भाडं तीन बाजूंनी भोगावं लागतं.

पहिली बाजू मुख्यालयातल्या रेव्हेन्यू मॅनेजमेंटवाल्याची. त्याला प्रवासी दिसत नाहीत, बुकिंगची रेषा दिसते. विमान सुटायला वीस दिवस असताना रेषा नेहमीपेक्षा वर असेल तर स्वस्त बकेट बंद, खाली असेल तर उघडी. त्याच्या दृष्टीने पूर्ण भरलेलं विमान हे दुःखद असू शकतं. याचा अर्थ, आपण स्वस्तात विकून बसलो. अर्धं रिकामं गेलं तर दुःख आहेच. या खात्यातल्या माणसाला आनंद नेमका कधी होतो, हे त्याच्या बायकोनेही विचारू नये.

दुसरी बाजू काउंटरवरच्या मुलीची. भाडं तिने ठरवलेलं नसतं, वाढवलेलं नसतं, कमी करायची कळ तिच्या पडद्यावर नसते, तरी "हे काय लुटालूट चालवलीय?" हा प्रश्न तिलाच विचारला जातो, तोही १५ किलोची सूट असताना १९ किलो भरलेली बॅग काट्यावर ठेवून. त्या बॅगेत आईने दिलेले अनारसे, भाजणी आणि लोणच्याची बरणी असते. प्रवासी बाजूला होऊन बॅग उघडतो, स्वेटर अंगात घालतो, त्यावर जॅकेट घालतो आणि मे महिन्यात घामाघूम होऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. मुलीने अशा वेळी हसू नये. बरणी केबिनमध्ये चालेल का, या प्रश्नाला सुरक्षा तपासणीकडे बोट दाखवावं.

तिसरी बाजू सगळ्यात उद्बोधक, स्टाफ तिकिटाची. नातेवाइकांना वाटतं, विमान कंपनीत चिकटला म्हणजे पोरगं फुकटात जग फिरणार. हे तिकीट बऱ्याचदा स्टँडबाय असतं, म्हणजे पैसे भरणारे सगळे बसल्यावर जागा उरली तर. त्यामुळे हा माणूस आठवडाभर 'लोड' बघत असतो. काल रात्री अकरा जागा मोकळ्या, आज सकाळी चार, दुपारी एक. आईवडिलांना घेऊन तो विमानतळावर येतो, त्यांना नीटनेटके कपडे घालायला लावतो, रांगेत स्टाफचा विषय काढायचा नाही असं बजावतो, आणि काउंटर बंद व्हायच्या वेळी मनातल्या मनात देवाला साकडं घालतो, की दोन-तीन जण ट्रॅफिकमध्ये अडकू देत. आई मात्र शेजारच्या बाईंना एव्हाना सगळं सांगून मोकळी झालेली असते.

दिवाळीत तर हे तिकीट खिशात ठेवून पाडव्याला नागपुरात पोचायची आशाच धरू नये. विमानं भरलेली असतात. मग मुख्यालयातला तो बुकिंगची रेषा बघणारा माणूस, मूळचा नागपूरचा असेल तर, चारचौघांसारखं पूर्ण भाडं भरून तिकीट काढतो. स्वस्त बकेट गेल्याच आठवड्यात त्याने स्वतः बंद केलेली असते. कचेरीत याबद्दल कोणी बोलत नाही.

सरकारकडे दाद मागावी का? जरूर मागावी. १९३७च्या विमान नियमांतला १३५वा नियम सांगतो, की भाडं ठरवताना खर्च, वाजवी नफा आणि चालू दर लक्षात घ्यावेत. वाजवी किती, ते सांगायचं राहून गेलं आहे. सरकारने प्रत्यक्ष मर्यादा घातल्या त्या संकटात : करोनात मे २०२० ते ऑगस्ट २०२२, आणि पुन्हा डिसेंबर २०२५मध्ये शेकडो विमानं रद्द झाली तेव्हा. या दुसऱ्या वेळी ५०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्याला, म्हणजे पुणे-नागपूर बसतं त्या टप्प्याला, कमाल १२,००० रुपये होते, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. कमाल मर्यादा ऐकून दिलासा वाटावा, असा तो आकडा होता की नाही, हे ज्याने त्याने आपल्या पगाराला विचारावं.

"कितीला पडलं?" या प्रश्नाचं घरी द्यायचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं. स्वस्त मिळालं असेल तर आकडा आपणहून सांगावा. महाग पडलं असेल तर "ऑफिसने काढलं" म्हणावं. निवृत्तांनी "मुलाने काढलं" म्हणावं. फॅमिली ग्रुपवर मात्र काहीच टाकू नये, कारण याहून कमी भाव माहीत असलेला काका तिथे बारमाही हजर असतो.

आणि तिकीट रद्द करावं लागलं तर एवढं मात्र करा. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी त्यातले कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावेच लागतात, तसा डीजीसीएचा नियम आहे. तेव्हा रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, मागा. फक्त काउंटरवरच्या त्या मुलीवर ओरडून नव्हे, लेखी मागा.