'ड' तुकडीला गणित कोण शिकवतं?

शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापकांच्या केबिनचं दार लोटून पर्यवेक्षक, दोन ज्येष्ठ सर आणि एक खोडरबर असे आत बसतात. बाहेर येतं ते वेळापत्रक. राज्याचं बजेट विधानसभेत मांडतात, त्यावर निदान विरोधक ओरडतात तरी. शाळेचं खरं बजेट मात्र बिनविरोध मंजूर होतं.

मुख्याध्यापकांच्या हातात पैसा नसतो, हे खरंच. वेतनेतर अनुदानाची वाट बघता बघता बिचारे खडूचे पैसेही खिशातून घालतात. पदं रिक्त, निवडणुकीची कामं वेगळीच. सगळं मान्य. पण शिक्षकांचे तास तर तेच वाटतात ना? मग नववी 'अ'ला, म्हणजे सेमी इंग्रजीला, वीस वर्षं मुरलेले गणिताचे सर पहिल्या तासाला कसे मिळतात? आणि 'ड'ला गणित डबा खाल्ल्यानंतरच, पत्र्याच्या वर्गात, तेही महिना १८ हजारांवरच्या शिक्षण सेवकाकडून? (तो पोरगा जीव तोडून शिकवतो, हा भाग वेगळा. पण बदली तासाला पहिला बळीही त्याचाच.) तो रजेवर गेला की पीटीचे सर येतात आणि म्हणतात, "आवाज करू नका, गणितं सोडवा." कुठली, ते सांगत नाहीत.

बरं, 'ड'मध्ये कोण असतं? आठवीला कमी मार्क पडलेली. म्हणजे ज्यांना चांगल्या सरांची जास्त गरज, नेमकी तीच. दवाखान्यात मोठा डॉक्टर फक्त ठणठणीत माणसांना तपासायला बसवला तर आपण दगड उचलू. शाळेत त्याला 'गुणवत्तेला प्रोत्साहन' म्हणतात.

वस्तूंचंही तेच. अटल टिंकरिंग लॅबसाठी नीती आयोग शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देतो, सहावी ते बारावीच्या मुलांनी हात काळे करावेत म्हणून. काही शाळांत थ्रीडी प्रिंटरवर अजून प्लास्टिक तसंच आहे. पाहुणे येणार असले की ते निघतं, इस्त्रीच्या गणवेशातली 'अ'ची चार मुलं भोवती उभी राहतात, फोटो होतो, प्लास्टिक परत चढतं. 'ड'ची मुलं त्या दिवशी खुर्च्या लावतात. तेवढंच प्रात्यक्षिक!

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, पण तो आठवीपर्यंतच. २५ टक्क्यांच्या राखीव जागेवर आलेलं पोरही नववीत कायद्याच्या बाहेर. तिथून पुढे कर्ताकरविता मुख्याध्यापक. मग नववीच्या शेवटी एखाद्या बापाला बोलावणं जातं. "पोरगं तसं चांगलं आहे हो, पण दहावीचं ओझं झेपायचं नाही. १७ नंबर फॉर्म भरा, वर्ष वाचेल." बाप मान हलवतो, वर "सरांनी एवढं लक्ष घातलं" म्हणून हात जोडतो. पोरगं खासगी विद्यार्थी होतं, म्हणजे शाळेच्या निकालात त्याची मोजणीच नाही. जूनमध्ये गेटवर फ्लेक्स: सलग पाचव्या वर्षी १०० टक्के! गाळून उरलेल्यांचे शंभर टक्के पडले, यात नवल ते काय?

उलटं करणारे मुख्याध्यापकही आहेत. मुरलेल्या सरांना सरळ 'ड'वर पाठवणारे, तुकड्या मिसळून टाकणारे. त्यांच्या नशिबी फ्लेक्स नसतो. 'अ'चे पालक थेट संस्थाचालकांना फोन लावतात, आणि आठवड्यात वेळापत्रक 'सुधारतं'.

तेव्हा पुढच्या पालकसभेत चारही तुकड्यांची वेळापत्रकं भिंतीवर शेजारी शेजारी लावायला सांगा. फार काही नको, कुठल्या तासाला कोण, एवढंच वाचा. सभेची वेळ मात्र आधी बघून ठेवा. मंगळवार, सकाळी अकरा. 'ड'चे आईबाप तेव्हा कामावर असतात.