दौंडचा संगणक उठेना

शिरूरला रेल्वे नाही, आणि दौंड म्हणजे जंक्शन. तरी आमच्या मालकांनी ऑफिस शिरूरला आणि गोदाम दौंडला थाटलं. न्हावरे, चौफुला करत दौंड गाठायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असेल तर उरलेलाही गेला. म्हणून रिमोट डेस्कटॉप. खुर्ची शिरूरची, टॅली दौंडची.

जोडणी होईना की पडद्यावर पाटी येते: समोर रिमोटची परवानगी दिलेली नसेल, किंवा तो संगणक बंद असेल, किंवा नेटवर्कवर नसेल. यातलं आजचं कोणतं, ते आपण शोधायचं. मग गोदामातल्या पोराला फोन.

"लाइट आहे का रे?"

"आहे ना साहेब."

"कॉम्प्युटर चालू आहे?"

"चालूच आहे. फक्त स्क्रीन काळी आहे."

म्हणजे झोपलाय. वीज वाचवायला विंडोज आपणहून झोपतं. त्याला उठवायला बहुधा दौंडमधलंच बोट लागतं.

उठल्यावरही जमेना तर पिंग. नवशिकी मंडळी पिंगवर फार भिस्त ठेवतात. उत्तर नाही आलं की संगणक गेला म्हणून मोकळी होतात. पण विंडोजचं फायरवॉल बऱ्याचदा पिंगलाच दाद देत नाही, आत सगळं ठणठणीत असतं. उलट कधी पिंगला झकास उत्तर येतं आणि रिमोट डेस्कटॉपचं 3389 नंबरचं पोर्ट मात्र बंद. तेव्हा चौकशी थेट पोर्टाकडेच करावी. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी आयपी पत्ते नव्याने वाटतो, हा आणखी एक घोळ. टॅलीला भेटायला जावं आणि दारात प्रिंटर उभा!

नव्या पीसीवर विंडोजची होम आवृत्ती निघाली तर खेळच खलास. ती दुसऱ्याच्या संगणकात खुशाल जाते, पण स्वतःकडे कुणाला येऊ देत नाही. गल्लीभर चहा पिऊन येणाऱ्या, पण घरी कुणाला न बोलावणाऱ्या माणसासारखी.

"राउटरवर पोर्ट उघडून टाका, कटकट मिटेल," असं सांगणारा एक जण हमखास भेटतो. त्याचं ऐकू नये. 2019 साली रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टला 2014 मध्येच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली होती. आधी व्हीपीएन, मगच 3389.

अखेर जोडणी होते. टॅली उघडते, निम्मं बिल टाइप होतं, तोच फोन वाजतो.

"साहेब, माझी स्क्रीन गेली! लॉक झालंय."

साधं विंडोज एका वेळी एकालाच बसू देतं. मी शिरूरहून शिरलो म्हणून तो दौंडमध्ये बाहेर. "थांब जरा, हात लावू नकोस," म्हणेपर्यंत त्याने पासवर्ड टाकलेला असतो. आता मी बाहेर. गोदामाच्या दारात ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, तो फोनमधून मला शिरूरला स्पष्ट ऐकू येतो.